फळ्यावर आखलेला सिनेमा

चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या लघुपटासाठी सारे काही मोजकेच असते. पैसा मोजका, दिवस मोजके, नट मित्रमंडळींतलेच. कथा मात्र तयार असते. तरीही चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी काम अडते ते एका साध्या प्रश्नावर : कॅमेरा कुठे ठेवायचा? या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेच्या झटक्यावर न सोडता ते वर्गात बसून, फळ्यावर आकृती काढून आणि प्रत्येक निर्णयाचे कारण देऊन शोधता येते, हे ज्याने आपल्या अध्यापनातून दाखवून दिले तो म्हणजे सर्गेई आयझेन्स्टाईन. ‘बॅटलशिप पोटेमकिन’चा दिग्दर्शक म्हणून त्याचे नाव जगभर घेतले जाते. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेतला शिक्षक म्हणून तो त्या मानाने कमी परिचित आहे. परंतु ज्या वर्षांत त्याला चित्रपट करू दिले जात नव्हते, किंवा केलेले चित्रपट त्याच्या हातून काढून घेतले जात होते, त्या वर्षांत त्याने वर्गात जे काम केले ते त्याच्या चित्रपटांइतकेच मोलाचे ठरले.

वास्तुशिल्पी बापाचा मुलगा

आयझेन्स्टाईनचा जन्म २२ जानेवारी १८९८ रोजी रीगा येथे झाला. आज लाटव्हियाची राजधानी असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. वडील मिखाईल आयझेन्स्टाईन स्थापत्य अभियंता व वास्तुशिल्पी होते आणि रीगातल्या आल्बर्ट रस्त्यावरच्या त्यांच्या नक्षीदार इमारती पाहायला पर्यटक आजही गर्दी करतात. घरात सुबत्ता होती, पण सुख नव्हते. आई-वडिलांचे पटत नव्हते. पुढे ते विभक्त झाले आणि आई सेंट पीटर्सबर्गला निघून गेली. एकाकी मुलाला सोबत होती ती पुस्तकांची, सर्कशीची आणि पेन्सिलीची. तो सतत चित्रे काढी. माणसांचे हावभाव एकाच रेषेत पकडण्याचा हा छंद पुढे त्याच्या दिग्दर्शनाचा पाया ठरला.

वडिलांच्या इच्छेनुसार १९१५ मध्ये त्याने पेत्रोग्राडच्या स्थापत्य अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश घेतला. तेथे तो आराखडा, छेद, मापे आणि भार यांची भाषा शिकला. १९१७ च्या क्रांतीने हे शिक्षण मध्येच तोडले. १९१८ मध्ये तो लाल सैन्यात दाखल झाला, तर वडील दुसऱ्या बाजूला गेले. पुढे ते जर्मनीत गेले आणि पिता-पुत्रांची वाट कायमची वेगळी झाली. सैन्यात तटबंद्या आणि पूल उभारताना तरुण सर्गेईने एक गोष्ट पाहिली. पूल बांधणाऱ्या शेकडो माणसांची हालचाल बाहेरून गोंधळाची वाटते, पण तिच्या मागे आधी आखलेला एक क्रम असतो आणि त्या क्रमातच तिची लय असते. दिग्दर्शक झाल्यावर जमाव हलवताना त्याला हा अनुभव कामी आला.

१९२० मध्ये जपानी भाषा शिकण्याच्या निमित्ताने तो मॉस्कोला पोहोचला. भाषेचा अभ्यास पुरा झाला नाही, पण चित्रलिपीने त्याला झपाटले. डोळा आणि पाणी यांची चिन्हे शेजारी आली की रडणे हा अर्थ निघतो. तोंड आणि कुत्रा यांच्यापासून भुंकणे, सुरी आणि हृदय यांच्यापासून दुःख. दोन दृश्य वस्तू शेजारी ठेवल्या की कुठल्याच एकीत नसलेली तिसरी कल्पना जन्माला येते, हे तत्त्व त्याला चित्रपटाच्या संकलनात दिसले. १९२९ च्या एका निबंधात त्याने जपानी चित्रकला शिक्षणाचाही दाखला दिला. तेथे विद्यार्थ्यापुढे फुललेली फांदी ठेवली जाते आणि त्या फांदीतून चौकोन, वर्तुळ किंवा आयत अशा आकारांत तो रचना निवडून घेतो. समोरच्या अफाट वास्तवातून नेमका तुकडा निवडणे हेच कॅमेऱ्याचेही काम आहे, असे आयझेन्स्टाईनचे म्हणणे होते.

मॉस्कोत तो प्रोलेतकुल्त नाट्यगृहात नेपथ्यकार म्हणून रुजू झाला आणि १९२१ मध्ये व्हसेवोलोद मेयरहोल्डच्या दिग्दर्शन कार्यशाळेत विद्यार्थी म्हणून गेला. मेयरहोल्डला त्याने आयुष्यभर गुरू मानले. १९२३ मध्ये ओस्त्रोव्स्कीच्या एका जुन्या नाटकाचा सर्कशीच्या अंगाने केलेला प्रयोग त्याने रंगमंचावर आणला. त्या नाटकात दाखवण्यासाठी त्याने ‘ग्लुमोव्हची रोजनिशी’ नावाचा काही मिनिटांचा लघुपट चित्रित केला. पोटेमकिनच्या दिग्दर्शकाने कॅमेऱ्याशी पहिली ओळख करून घेतली ती अशी, एका विनोदी लघुपटातून.

त्याच सुमारास लेव्ह कुलेशॉव्हच्या कार्यशाळेतही तो काही काळ जात होता. मॉस्कोची सरकारी चित्रपट शाळा १९१९ मध्ये स्थापन झाली होती, पण यादवी युद्धाच्या त्या काळात कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे कुलेशॉव्हचे विद्यार्थी फिल्मशिवाय चित्रपट करीत. दृश्य शॉटमध्ये विभागायचे, प्रत्येक शॉट रंगमंचावर उभा करायचा आणि तो नोंदवायला कॅमेरा नसला तरी चौकट मनात ठेवायची, असा हा सराव असे. साधनांच्या टंचाईतून नियोजनाची शिस्त जन्मली. आयझेन्स्टाईनच्या पुढच्या अध्यापनाची बीजे या शिस्तीत आहेत.

ओदेसाच्या पायऱ्या

१९२५ मध्ये त्याचा पहिला मोठा चित्रपट ‘स्ट्राईक’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी १९०५ च्या अयशस्वी क्रांतीच्या विसाव्या स्मृतिवर्षासाठी सरकारने त्याच्याकडे चित्रपट सोपवला. मूळ पटकथेत त्या संपूर्ण वर्षाचा पट होता. पोटेमकिन युद्धनौकेवरचा उठाव हा त्यातला एक लहानसा भाग होता. उत्तरेकडे हवा बिघडली म्हणून चित्रीकरण पथक दक्षिणेला ओदेसा बंदराकडे आले. तेथे समुद्राकडे उतरणाऱ्या भव्य पायऱ्या पाहून आयझेन्स्टाईनने सारा आराखडा बदलला. एक प्रकरण हाच पूर्ण चित्रपट झाला.

पायऱ्यांवरच्या गोळीबाराचे ते दृश्य आजही जगभरच्या चित्रपट शाळांत शॉटगणिक तपासले जाते. त्यातील रचना पाहण्यासारखी आहे. सैनिक वरून खाली, एका सरळ रेषेत, ठरावीक तालात उतरतात. जमाव खाली धावतो तो विस्कळीत. मुलाला हातांवर घेतलेली आई मात्र एकटी उलट दिशेने, वर चढते. या तीन हालचालींच्या विरोधावर सारे दृश्य उभे आहे. छायालेखक एद्वार्द तिस्से याच्यासाठी पायऱ्यांच्या कडेने रूळ टाकून कॅमेरा गाडीवरून खाली आणण्याची सोय केली होती. शेवटी बाळाची ढकलगाडी एकेक पायरी उतरू लागते तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून धरतो, कारण तोवर उतरण्याच्या दिशेचा अर्थ मृत्यू असा त्याच्या मनात पक्का झालेला असतो.

हा चित्रपट २१ डिसेंबर १९२५ रोजी मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहात प्रथम दाखवला गेला. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याने खळबळ माजवली. ब्रिटनमध्ये तर त्याच्या जाहीर प्रदर्शनावर १९५४ पर्यंत बंदी होती. सत्तावीस वर्षांचा आयझेन्स्टाईन जगप्रसिद्ध झाला. ‘ऑक्टोबर’ हा त्याचा पुढचा चित्रपट १९२८ मध्ये आला, पण तो येईपर्यंत राजकारण पालटले होते आणि ट्रॉट्स्कीची दृश्ये काढून टाकावी लागली होती. चित्रपटावर शेवटचा हात दिग्दर्शकाचा नसतो, हा धडा त्याला येथे प्रथम मिळाला.

मोकळ्या हातांनी परत

१९२९ मध्ये बोलपटाचे तंत्र समजून घेण्यासाठी आयझेन्स्टाईन, तिस्से आणि सहदिग्दर्शक ग्रिगोरी अलेक्झांद्रोव्ह युरोपात गेले आणि १९३० मध्ये हॉलिवूडला पोहोचले. पॅरामाउंट कंपनीने करार केला, पण त्याच्या पटकथा एकामागून एक नाकारल्या आणि करार संपवला. मग अमेरिकन कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर आणि त्यांच्या पत्नीच्या आर्थिक पाठबळावर त्याने मेक्सिकोत चित्रीकरण सुरू केले. वर्ष उलटले, खर्च वाढत गेला, मतभेद विकोपाला गेले आणि १९३२ च्या आरंभी काम थांबवण्यात आले. चित्रित केलेली फिल्म अमेरिकेत राहिली आणि ती त्याला संकलनासाठी कधीच मिळाली नाही. इतरांनी तिच्यातून तुकडे काढून आपापले चित्रपट बनवले.

१९३२ च्या मे महिन्यात तो मॉस्कोला परतला तेव्हा तीन वर्षांच्या प्रवासाचे दाखवण्यासारखे त्याच्या हाती काही नव्हते. मायदेशीचे वातावरणही बदलले होते. प्रयोगशील कलावंतांकडे संशयाने पाहिले जात होते. त्याने मांडलेल्या प्रकल्पांना मंजुरी मिळेना. अशा वेळी त्याच्यासाठी उघडे असलेले दार होते ते चित्रपट संस्थेचे. तेथे तो १९२८ पासून अधूनमधून शिकवत असे. १९३२ च्या शरद ऋतूत त्याने दिग्दर्शन विभागाची धुरा घेतली.

फळा, खडू आणि एक खोली

या वर्गांची पद्धत कशी होती, हे आज तपशीलवार कळते ते लघुलेखकांच्या टिपणांमुळे आणि व्लादिमीर निझ्नी या त्याच्या विद्यार्थ्यामुळे. निझ्नीने हे धडे पुस्तकरूपाने मांडले. ते पुस्तक रशियन भाषेत १९५८ मध्ये आणि इंग्रजीत १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयझेन्स्टाईन व्याख्यान देऊन निघून जाणारा शिक्षक नव्हता. तो वर्गापुढे एक साधा प्रसंग ठेवी. युद्धावरून परतलेला सैनिक घरी येतो आणि त्याच्या गैरहजेरीत बायकोला दुसऱ्यापासून मूल झाल्याचे त्याला दिसते, असा एक प्रसंग होता. काही ओळींत सांगून संपणाऱ्या या घटनेवर वर्ग कित्येक आठवडे चाले. खोलीचे दार कुठे असावे? पाळणा दारातून लगेच दिसावा की नंतर? बायको त्याच्याकडे तोंड करून उभी असेल की पाठ? प्रत्येक उत्तराला कारण मागितले जाई. चांगले दिसते, हे कारण चालत नसे. खोलीतील वस्तूंची मांडणी आधी ठरे, मग पात्रांच्या वाटा, मग त्या वाटांवरचे थांबे. कॅमेऱ्याचा विषय त्यानंतरच निघे.

दुसरा गाजलेला पाठ हैतीच्या स्वातंत्र्यलढ्यातील सेनानी देसालिन याच्यावरचा होता. फ्रेंच अधिकारी देसालिनला मेजवानीला बोलावतात. प्रत्यक्षात त्याला पकडण्याचा तो सापळा असतो. त्याला इशाऱ्याने सावध केले जाते आणि तो खिडकीतून निसटून उठावाची हाक देतो. हा विषय आयझेन्स्टाईनच्या मनात दीर्घकाळ होता. हैतीच्या क्रांतीवर चित्रपट करावा आणि त्यात कृष्णवर्णीय गायक-अभिनेता पॉल रॉबसनने काम करावे, अशी त्याची इच्छा होती. १९३४ च्या अखेरीस रॉबसन मॉस्कोला येऊनही गेला, परंतु तो चित्रपट झाला नाही. पडद्यावर येऊ न शकलेला देसालिन वर्गात फळ्यावर मात्र पुन्हा पुन्हा निसटत राहिला.

या पाठात विद्यार्थी मेजवानीच्या दालनाचा नकाशा काढत. मेज कुठे, जिना कुठे, पाहुणा कोणत्या बाजूने येणार, खिडकी त्याच्यापासून किती दूर, हे ठरल्यावर प्रसंगाची विभागणी सुरू होई. सरळ शॉट क्रमांक एक, दोन, तीन असे लिहीत जाण्यास आयझेन्स्टाईनचा विरोध होता. आधी प्रसंगाचे मोठे गट पाडायचे, ज्यांत प्रत्येकी एकच क्रिया आणि एकच भावना असेल. आगमन, आदरातिथ्य, संशय, सापळ्याची जाणीव, सुटका. गट बदलतो तेव्हा प्रसंगाची दिशा बदलते, आणि तेथेच कॅमेऱ्याने आपली मुख्य जागा बदलायची. एका गटातील शॉट त्या एका दृष्टिकोनाच्या आसपास राहतील, कमी-अधिक जवळ जातील. असे केले की प्रेक्षकाचा दालनातील दिशांचा अंदाज सुटत नाही आणि कॅमेऱ्याने घेतलेली मोठी उडी त्याला वळण म्हणून जाणवते. नवशिक्या दिग्दर्शकाच्या लघुपटात कॅमेरा विनाकारण इकडून तिकडे फिरतो आणि महत्त्वाच्या क्षणी त्याच्याकडे नवे काही उरत नाही. हा दोष टाळण्याचा उपाय या गटांच्या आखणीत होता.

एकच शॉट, एकच जागा

संकलनाचा महागुरू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने विद्यार्थ्यांना दिलेला सर्वांत कठीण पाठ मात्र संकलनाविना होता. दोस्तोयेव्स्कीच्या ‘क्राईम अँड पनिशमेंट’ कादंबरीतील म्हाताऱ्या सावकारणीच्या खुनाचा प्रसंग त्याने निवडला. अट अशी, की हा संपूर्ण प्रसंग एकाच शॉटमध्ये घ्यायचा, कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि मध्ये कट करायचा नाही.

विद्यार्थी प्रथम गोंधळले. जवळून चेहरा दाखवायचा तर कॅमेरा पुढे न्यायला हवा. तो नेता येत नाही. मग उरतो तो एकच मार्ग : नटाने कॅमेऱ्याजवळ यायचे. रास्कोलनिकोव्ह दाराशी असतो तेव्हा ते दूरदृश्य असते. तो पुढे येतो तसे मध्यदृश्य होते. म्हातारी गहाण ठेवायची वस्तू निरखण्यासाठी पाठ फिरवून भिंगाच्या जवळ येते, तेव्हा तिचा चेहरा चौकट व्यापतो आणि तिच्या मागे उभा असलेला खुनी तिला दिसत नाही, प्रेक्षकाला दिसतो. चौकटीच्या आत पात्रांचे असे सरकणे म्हणजे लपलेले संकलनच होय. कुठे कात्री लागली असती ते प्रत्येक ठिकाण नटाच्या पावलांत आलेले असते. ज्याला एका शॉटमध्ये प्रसंग उभा करता येतो त्यालाच तो अनेक शॉटमध्ये योग्य जागी तोडता येतो, असा या पाठाचा अर्थ होता.

शॉटच्या आखणीसाठी चित्रपटच पाहायला हवेत असे तो मानत नसे. पुश्किनच्या काव्यातील शब्दक्रम हा शॉटचा क्रम म्हणून वाचता येतो, हे तो दाखवी. मोपासाँच्या ‘बेल आमी’ कादंबरीत नायक मध्यरात्री गाडीत बसून प्रेयसीची वाट पाहतो आणि शहरातली घड्याळे बाराचे ठोके देऊ लागतात. एक दूरचे, एक जवळचे, वेगवेगळ्या स्वरांचे. घड्याळाच्या एका चित्रातून वेळ कळली असती. निरनिराळ्या अंतरांवरून आलेल्या ठोक्यांतून त्या माणसाची मध्यरात्र उभी राहते. लिओनार्दो दा व्हिंचीने महापुराच्या चित्रासाठी लिहून ठेवलेले टिपण तर त्याला चक्क तयार चित्रीकरण संहिता वाटे. पुस्तक, चित्र, नाटक, वास्तू यांतून दृश्यरचना शिकता येते हा विचार त्याने अभ्यासक्रमातच आणला. मेक्सिकोत संकलन न करता आलेला माणूस मॉस्कोत इतरांच्या ओळी शॉटमध्ये मांडून दाखवत होता.

बेझिन कुरण

वर्गाबाहेर मात्र त्याची उपेक्षा चालूच होती. १९३५ च्या जानेवारीत भरलेल्या चित्रपट कलावंतांच्या परिषदेत सहकाऱ्यांनीच त्याच्या सिद्धान्तांची टर उडवली आणि पुस्तके सोडून चित्रपट कर, असा उपदेश केला. त्याच वर्षी त्याला ‘बेझिन मेडो’ हा चित्रपट मिळाला. शेतीच्या सामुदायिकीकरणाच्या काळात बाप-लेकाच्या संघर्षात मारल्या गेलेल्या शेतकरी मुलाची ही कथा होती. अमेरिकेहून संस्थेत शिकायला आलेला जे लेडा या चित्रपटाच्या पथकात होता. पुढे आयझेन्स्टाईनचे लेखन इंग्रजीत आणण्याचे मोठे काम याच विद्यार्थ्याने केले.

चित्रीकरण चालू असताना आयझेन्स्टाईनला देवी आल्या. बरा झाल्यावर आक्षेपांनुसार पटकथा बदलण्याची वेळ आली आणि लेखक इसाक बाबेल मदतीला आला. तरीही १९३७ च्या मार्चमध्ये चित्रपट उद्योगाचे प्रमुख बोरिस शुम्यात्स्की यांनी काम बंद पाडले. चित्रपटावर धार्मिक गूढवादाचा आणि रूपवादाचा आरोप झाला. आयझेन्स्टाईनला आपल्या चुका जाहीरपणे कबूल करणारा लेख लिहावा लागला. त्या वर्षी अशा कबुलीचा अर्थ काय होता, हे पुढच्या घटनांवरून कळते. त्याचा नाटककार मित्र सर्गेई त्रेत्याकोव्ह १९३७ मध्येच मारला गेला. ज्याने चित्रपट बंद पाडला त्या शुम्यात्स्कीलाही १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. बाबेल आणि गुरू मेयरहोल्ड १९३९ मध्ये पकडले गेले आणि १९४० च्या आरंभी दोघांनाही देहान्त शासन झाले.

मेयरहोल्डचे नाव उच्चारणेही धोक्याचे होते. त्याची कागदपत्रे कुटुंबीयांनी लपवून ठेवली होती. ती आयझेन्स्टाईनने आपल्या ताब्यात घेतली आणि मॉस्कोबाहेरच्या घरात दडवून सांभाळली. जाहीरपणे तो गुरूसाठी काही करू शकला नाही, पण गुरूच्या नाट्यप्रयोगांच्या नोंदी पुढच्या पिढ्यांना उपलब्ध झाल्या त्या या धाडसामुळे. जाहीर माफी मागणारा आयझेन्स्टाईन आणि जीव धोक्यात घालून कागद जपणारा आयझेन्स्टाईन हे एकाच काळातले आहेत.

बर्फ आणि राजवाडा

१९३८ मध्ये ‘अलेक्झांडर नेव्स्की’ने त्याला पुन्हा उभे केले. गोठलेल्या सरोवरावरची लढाई त्याने ऐन उन्हाळ्यात मॉस्कोत चित्रित केली. मैदान सपाट करून त्यावर खडू, मीठ आणि काच यांचे बर्फ पसरले होते. संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह आणि तो असे जोडीने काम करीत की कधी दृश्याला संगीत बसे, तर कधी संगीताला दृश्य. लढाईपूर्वीच्या प्रतीक्षेतील बारा शॉटची रचना आणि त्यांखालील स्वरांची चढउतार यांचा आलेख त्याने नंतर एका निबंधात मांडला. या चित्रपटासाठी त्याला ऑर्डर ऑफ लेनिन हा सन्मान मिळाला. पण १९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीशी करार होताच हा जर्मनविरोधी चित्रपट पडद्यावरून उतरला आणि १९४१ मध्ये जर्मन आक्रमण होताच पुन्हा झळकला.

‘इव्हान द टेरिबल’ हा त्याचा शेवटचा चित्रपट. युद्धामुळे स्टुडिओ मॉस्कोहून दूर अल्मा-आताला हलवला होता. दिवसा वीज कारखान्यांना लागे म्हणून चित्रीकरण रात्री चाले. चित्रीकरणाआधी आयझेन्स्टाईनने शेकडो रेखाचित्रे काढली होती. त्यांत इव्हानच्या मानेचा बाक आहे, भिंतीवर पडणारी प्रचंड सावली आहे, बुटक्या दारातून वाकून येणारे सरदार आहेत. नट निकोलाय चेर्कासोव्हला या रेखाचित्रांबरहुकूम शरीर वळवावे लागे आणि ते त्याला अतिशय कष्टाचे जाई. विद्यार्थ्यांकडून ज्या काटेकोरपणाची त्याने अपेक्षा केली तोच त्याने स्वतःला आणि आपल्या नटांनाही लावला.

पहिल्या भागाला १९४६ मध्ये स्तालिन पारितोषिक मिळाले. २ फेब्रुवारी १९४६ रोजी, दुसऱ्या भागाचे संकलन नुकतेच संपवून तो समारंभाला गेला असताना त्याला हृदयविकाराचा तीव्र झटका आला. तो रुग्णालयात असताना दुसरा भाग वरिष्ठांनी पाहिला. संशयाने पोखरलेला राजा आणि त्याचे क्रूर अंगरक्षक यांत कोणाचे प्रतिबिंब आहे, हे ओळखणे कठीण नव्हते. सप्टेंबर १९४६ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने चित्रपटाचा धिक्कार केला. १९४७ च्या फेब्रुवारीत स्तालिनने आयझेन्स्टाईन आणि चेर्कासोव्ह यांना रात्री क्रेमलिनमध्ये बोलावले आणि चित्रपटाविषयी सूचना केल्या. दुरुस्तीची मुभा मिळाली, पण ती कधीच केली गेली नाही. तिसऱ्या भागासाठी घेतलेले बहुतेक चित्रण नष्ट झाले.

या काळातही वर्ग थांबले नाहीत. १९४६ च्या अखेरीस त्याने विद्यार्थ्यांपुढे नुकतीच प्रसिद्ध झालेली व्हिक्टर नेक्रासोव्हची स्तालिनग्राडच्या खंदकांवरची कादंबरी ठेवली आणि तिच्यातील प्रसंगांची रचना चित्रपटासाठी कशी करायची याचा पाठ घेतला. हृदय अधू झाले होते, धिक्काराचा ठराव ताजा होता, आणि तो पुन्हा तेच प्रश्न विचारत होता : प्रसंगाचा कणा कोणता, तो कुठे वळतो, आणि त्या वळणावर प्रेक्षकाने कुठून पाहावे?

११ फेब्रुवारी १९४८ च्या रात्री त्याचे निधन झाले. तीन आठवड्यांपूर्वीच त्याने पन्नाशी ओलांडली होती. रंगीत चित्रपटाविषयीचे त्याचे लेखन टेबलावर अपुरे राहिले.

उरलेल्या चौकटी

त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, ‘इव्हान’चा दुसरा भाग प्रदर्शित झाला. ‘बेझिन मेडो’ची फिल्म मात्र युद्धकाळात नष्ट झाली. तिची एक खूण शिल्लक होती. चित्रित झालेल्या शॉटच्या फिल्मचे छोटे तुकडे संकलनाच्या वेळी कापून ठेवले गेले होते आणि आयझेन्स्टाईनची पत्नी पेरा अताशेवा हिने ते जपले होते. त्या स्थिर चौकटी, पटकथा आणि चित्रीकरणाच्या नोंदी यांच्या आधारे दिग्दर्शक सर्गेई युत्केविच आणि अभ्यासक नाउम क्लेमन यांनी १९६७ मध्ये अर्ध्या तासाच्या आसपासचा स्थिरचित्रांचा चित्रपट जुळवला. त्याला प्रोकोफिएव्हचे संगीत दिले. हलती चित्रे गेली होती, पण प्रत्येक शॉट कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा हे लिहिलेले होते. त्यामुळे जळालेल्या चित्रपटाचा सांगाडा पुन्हा उभा राहू शकला. अभियंत्याच्या आराखड्यावरून पडलेल्या इमारतीची कल्पना यावी, तसे हे झाले.

त्याचे वर्गही असेच टिकले. सैनिकाच्या परतण्यावरचा पाठ त्याच्या निवडक लेखनाच्या चौथ्या खंडात १९६६ मध्ये छापला गेला. भारतात त्याचे नाव त्याआधीच पोहोचले होते. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीने आपल्या आरंभीच्या खेळांत ‘पोटेमकिन’ दाखवला. आयझेन्स्टाईनच्या लेखनाने भारावलेले ऋत्विक घटक साठच्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी होते. मॉस्कोच्या फळ्यावरचे प्रश्न अशा वाटेने विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या वर्गांत आले.

आज फिल्मची टंचाई उरलेली नाही. खिशातल्या मोबाईलवर विद्यार्थी हवे तितके शॉट घेऊ शकतो आणि न आवडलेले पुसू शकतो. तरीही खोलीचे दार कोणत्या भिंतीला असावे आणि आत येणाऱ्या माणसाला पाळणा केव्हा दिसावा, हे त्याला चित्रीकरणापूर्वी ठरवावेच लागते. आयझेन्स्टाईनच्या हातून चित्रपट काढून घेता आले, त्यांवर बंदी घालता आली, ते नष्ट करता आले. मेजावर बसून, कारणासह, एकेक शॉट ठरवण्याची त्याने शिकवलेली रीत मात्र त्या विद्यार्थ्याच्या कागदावर आजही उतरते.